बाटलीवर हिरवा ठिपका आहे, मग घास का अडला?

पत्राचा सारांश : राजारामपुरीतल्या एका ताई बरीच वर्षं घरून डबे देतात. मध्यंतरी एका योगवर्गातल्या मंडळींनी त्यांच्याकडं एका दिवसाच्या ‘व्हीगन’, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या, जेवणाची ऑर्डर दिली. दूध, दही, तूप, पनीर, लोणी यातलं काही नको, एवढं ताईंना ठाऊक होतं. त्यांनी अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, भात दिला आणि काहीतरी वेगळं म्हणून सॅलड केलं. सॅलडवर घातलं ते असं : तीन चमचे तेल, एक चमचा रेड वाइन व्हिनेगर, अर्धा चमचा मस्टर्ड सॉस, एक चमचा मध, मीठ, मिरपूड. जेवण सगळ्यांना आवडलं. दोन दिवसांनी वर्गातल्या एका मुलीचा फोन आला, “काकू, व्हिनेगर कुठलं होतं? वाइन स्वच्छ करायला माशाचा भाग वापरतात म्हणे.” ताईंनी बाटली बघितली, तर हिरवा ठिपका होता. यजमान म्हणाले, “ठिपका आहे ना, मग गप्प बस.” पण मनाला स्वस्थता नाही. त्यात घरातल्या माळकरी सासूबाईंनी ‘वाइन’ एवढंच ऐकलं आणि “दारूचं हाय ते, माझ्या ताटात नगं” म्हणून वाटी बाजूला सारली. ताई विचारतात : वाइन व्हिनेगर व्हीगन आहे की नाही, एका शब्दात सांगा. माझ्या हातून फसवणूक झाली का? बाटली टाकून देऊ का? आणि सासूबाईंची समजूत कशी घालू?

ताई, नमस्कार.

एका शब्दात उत्तर द्यायला मला आवडलं असतं, पण वाइन व्हिनेगर म्हणून जे जे विकलं जातं त्या सगळ्याला लागू पडेल असं उत्तर नाही. तुमच्या फडताळातल्या बाटलीपुरतं मात्र ते मिळवता येतं. ते कसं मिळवायचं हे पुढं सांगते. आधी एवढं मान्य करूया, की त्या मुलीनं ऐकलंय ते खरं आहे आणि तिचा प्रश्न रास्त आहे.

द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा यीस्ट त्यातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. ती वाइन. त्या वाइनला हवा मिळाली की ॲसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. ते व्हिनेगर. हे काम जिवंत सूक्ष्मजीव करतात, हे लुई पाश्चरनं १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये प्रयोगांनी दाखवलं. तिथल्या ऑर्लेआं गावची जुनी पद्धत म्हणजे लाकडी पिपात वाइन ठेवून द्यायची आणि आठवडे, महिने वाट बघायची. आजचे कारखाने द्रवात सतत हवा सोडून तेच काम एक-दोन दिवसांत उरकतात. इथवर कुठल्याच प्राण्याचा संबंध आलेला नाही. यीस्ट आणि जिवाणू हे प्राणी नव्हेत. ते चालत नसते तर व्हीगन माणसाला इडलीही खाता आली नसती. काही बाटल्यांत जेलीसारखी जाड साय दिसते, तिला ‘मदर’ म्हणतात. बघून पुष्कळ जण दचकतात. ते जिवाणूंनी तयार केलेलं सेल्युलोज असतं, म्हणजे झाडांच्या पेशींच्या भिंती ज्याच्या बनतात तेच द्रव्य.

अडचण येते ती मधल्या पायरीवर. नवी वाइन गढूळ असते. तिच्यात प्रथिनं आणि टॅनिनचे (द्राक्षातल्या तुरट द्रव्याचे) बारीक कण तरंगत असतात आणि ते आपसूक खाली बसायला फार वेळ घेतात. म्हणून त्यांना धरून खाली बसवणारं काहीतरी वाइनमध्ये घालतात.

तुम्ही कोल्हापूरच्या आहात, तेव्हा गुऱ्हाळ बघितलं असेलच. काहिलीत रस तापायला लागला की रानभेंडीची खोडं ठेचून भिजवलेलं बुळबुळीत पाणी त्यात ओततात. त्या चिकट पाण्यात रसातली घाण अडकते, मळी होऊन वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. गुळाच्या ढेपेत भेंडी शोधून सापडणार नाही, पण तो गूळ स्वच्छ केला तिनंच. वाइनमध्येही हेच घडतं, फक्त मळी वर येण्याऐवजी तळाशी बसते. आणि तिथं भेंडीच्या जागी काय घालायचं, हे प्रत्येक वाइनवाला आपापलं ठरवतो.

फ्रान्समधल्या बोर्डो भागात रेड वाइनसाठी अंड्यातलं पांढरं वापरायची जुनी रीत आहे. २२५ लिटरच्या पिपाला साधारण पाच-सहा अंडी. पांढरं चिमूटभर मीठ घालून हलकं फेटतात, पिपात सोडतात आणि हलक्या हातानं ढवळतात. टॅनिन त्या प्रथिनाला चिकटतं, त्याचे पुंजके होतात आणि हळूहळू तळाशी जातात. मग वरची नितळ वाइन दुसऱ्या पिपात काढून घेतात. अंड्याऐवजी जिलेटिनही घालतात, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतं. व्हाइट वाइनसाठी दुधातलं केसीन वापरतात, किंवा आइसिंग्लास. त्या मुलीनं जे ऐकलं ते हेच आइसिंग्लास. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळं त्याला पाण्यात वरखाली होता येतं. ती पिशवी वाळवून हे द्रव्य बनवतात.

पण हेच काम बेंटोनाइट नावाची मातीही करते. आपल्याकडं कच्छ आणि बाडमेरच्या बाजूला तिच्या खाणी आहेत. वाटाण्याचं किंवा बटाट्याचं प्रथिन, कोळशाची पूड हेही वापरतात. काही जण काहीच घालत नाहीत. वाइन दीर्घकाळ न हलवता ठेवतात किंवा यंत्रानं गाळून घेतात. शिवाय व्हिनेगरसाठी घेतलेल्या वाइनचा एक खास भाग असा, की व्हिनेगर झाल्यावर ते पुन्हा एकदा गाळलं जाणारच असतं, म्हणून आधीच्या वाइनवर एवढी मेहनत घ्यायची पुष्कळदा गरज पडत नाही. म्हणजे तुमच्या बाटलीतलं व्हिनेगर पूर्णपणे वनस्पतिजन्य असण्याची शक्यता चांगली आहे. खात्री मात्र नाही. आणि वाइनचं व्हिनेगर झालं म्हणजे आधी वापरलेली अंडी किंवा माशाची पिशवी रद्द झाली, असं काही होत नाही.

आता हिरव्या ठिपक्याकडं येते. तुमच्या यजमानांसारखंच आपल्याकडं बहुतेकांना वाटतं, की ठिपका हिरवा म्हणजे प्राण्याचा संबंध संपला. तो ठिपका शाकाहारासाठी आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या म्हणजे एफएसएसएआयच्या व्याख्येत प्राण्याचं मांस, अंडी आणि प्राणिजन्य घटक असलेला पदार्थ मांसाहारी धरतात, पण त्यातून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि लाख वगळलेले आहेत. म्हणून तुपाच्या डब्यावर हिरवा ठिपका असतो, श्रीखंडावर असतो, मधाच्या बाटलीवरही असतो. यातलं एकही व्हीगन नाही. दुसरं असं की ठिपका पदार्थातल्या घटकांवरून ठरतो. स्वच्छ करायला घालून पुन्हा काढून टाकलेल्या द्रव्याचं नाव घटकांच्या यादीत सहसा येतच नाही. युरोपात २०१२ पासून वाइन स्वच्छ करायला अंडं किंवा दूध वापरलं आणि त्याचा अंश ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त उरला, तर ते लेबलवर लिहावं लागतं. तो नियम ॲलर्जीवाल्यांसाठी केलेला आहे, आणि माशाच्या आइसिंग्लासला त्यातूनही सूट आहे.

व्हीगनसाठी आपल्याकडं वेगळी खूण आहे. २०२२ साली एफएसएसएआयनं व्हीगन अन्नाचे नियम आणले. त्यांत नुसत्या घटकांवर न थांबता ॲडिटिव्ह, फ्लेवर, एन्झाइम आणि प्रक्रियेत वापरलेली मदतनीस द्रव्यंसुद्धा प्राणिजन्य नसावीत, तीही कुठल्याच टप्प्यावर, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे माशाच्या पिशवीचा प्रश्न तिथं धरलेला आहे. हिरव्या रंगात इंग्रजी व्ही आणि त्याला पान अशी ती खूण असते. ती बाटलीवर असेल तर पुढं काही विचारायची गरज नाही. ती नसेल तर पदार्थ व्हीगन नाहीच असं समजू नका; बऱ्याच उत्पादकांनी ती घेतलेलीच नसते.

मग बाटलीपुरतं उत्तर कसं मिळवायचं? बाहेरदेशच्या व्हिनेगरवर मागच्या बाजूला आयात करणाऱ्याचं स्टिकर असतं, त्यावर पत्ता, ग्राहकसेवेचा फोन किंवा ईमेल असतो. तिथं लिहा. मात्र ‘तुमचं व्हिनेगर व्हीगन आहे का’ एवढंच विचारलंत तर ‘शंभर टक्के शाकाहारी’ असं उत्तर येईल आणि तुम्ही होतात तिथंच राहाल. नेमकं विचारा : मूळ वाइन किंवा हे व्हिनेगर स्वच्छ करताना अंडं, केसीन, जिलेटिन किंवा आइसिंग्लास वापरलंय का? आणि वाइन दुसऱ्याकडून विकत घेत असाल, तर त्या पुरवठादारानं याबद्दल लेखी काही दिलंय का? सोबत बॅच नंबर दिसेल असा लेबलचा फोटो जोडा. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. दोन आठवड्यांत काही आलं नाही तर व्हीगन ऑर्डरसाठी ती बाटली वापरायची नाही, इतकं ठरवून मोकळं व्हायचं.

ताई, एवढा वेळ आपण व्हिनेगरवर बोललो, कारण तुम्ही त्याबद्दल विचारलंत. पण तुमच्या पत्रातल्या कृतीत एक ओळ आहे जिच्याकडं तुमचं, यजमानांचं, आणि बहुधा त्या मुलीचंही लक्ष गेलेलं नाही. एक चमचा मध. व्हिनेगरबद्दल शंका आहे, मधाबद्दल नाही. मध मधमाश्यांनी त्यांच्या पोळ्यासाठी साठवलेला असतो, आणि व्हीगन जेवणात तो चालत नाही. आपल्याकडं मध पंचामृतात असतो, उपवासाला चालतो, लहान बाळाच्या जिभेला लावायची रीत आहे (ती मात्र मोडा, एक वर्षाखालच्या बाळाला मध देणं धोक्याचं असतं). इतक्या सात्त्विक गोष्टीवर कुणाचा आक्षेप असेल हे मनात न येणं साहजिक आहे. म्हणून तर म्हणते, की दूधदुभतं वगळलं की जेवण व्हीगन झालं, हा हिशेब अपुरा पडतो. मस्टर्ड सॉसचंही लेबल वाचा, काहींत मध असतो. ‘सॅलड क्रीम’ आणि मेयोनीजचे बरेच प्रकार अंड्याचे किंवा दुधाचे असतात.

ही फसवणूक झाली का? मला नाही वाटत. फसवायला आधी ठाऊक असावं लागतं, आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण आता कळलंय. तुम्ही गप्प राहिलात तर मात्र ती गोष्ट वेगळी होईल. यजमान म्हणतात तसं ठिपक्याच्या आड बसून ‘सगळं बरोबर होतं’ असं सांगू नका. त्या मुलीला आजच फोन करा किंवा निरोप टाका. फार माफी-विनवणी नको, सरळ सांगा : “त्या दिवशीच्या सॅलडमध्ये मध होता. तो व्हीगन जेवणात चालत नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. व्हिनेगरची चौकशी कंपनीकडं केलीय, उत्तर आलं की कळवते. बाकीच्यांनाही सांग. पुढच्या वेळी आधी सगळं साहित्य लिहून पाठवीन.”

सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती तुमच्या पत्रात ओळींच्या मधून डोकावते. एखादं तुटेलही. पण जी मुलगी फोन करून व्हिनेगरची जात विचारते तिला खरं सांगणारी बाई हवी असते. तुमच्याबद्दल ती आणखी चार जणांना सांगेल असं मला वाटतं. आणि नाहीच सांगितलं, तरी तिनं काय खाल्लं हे कळण्याचा तिचा हक्क तुमच्या धंद्याच्या फायद्यावर अवलंबून नाही.

हे ऐकून ती काय म्हणेल याचा अंदाज तुम्ही-मी बांधण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये १९४४ साली व्हीगन सोसायटी सुरू झाली. प्राण्यांचं शोषण आणि त्यांच्यावरची क्रूरता शक्य आणि व्यवहार्य असेल तितकी टाळायची, अशा आशयाची त्यांची व्याख्या आहे. ‘शक्य आणि व्यवहार्य’ म्हणजे कुठवर, हे प्रत्येक जण आपल्यापुरतं ठरवतो. कुणी म्हणेल, व्हिनेगरच्या मागच्या वाइनमध्ये काय घातलं होतं इथवर मी जात नाही. कुणी म्हणेल, माशाची पिशवी लागली असेल तर मला तो थेंबही नको. दोघंही मनापासून बोलत असतात. तुम्ही स्वतः व्हीगन नाही, तेव्हा ही रेघ कुठं मारायची हे तुमच्याकडं येतच नाही. तुमच्याकडं येतं ते साहित्य पूर्ण आणि खरं सांगणं.

आणखी एक, धंद्याच्या दृष्टीनं. ‘व्हीगन’ म्हणून अन्न विकायचं तर वर सांगितलेले २०२२चे नियम पाळावे लागतात. तेव्हा स्टेटसवर किंवा डब्याच्या चिठ्ठीवर तो शब्द सहज म्हणून टाकू नका, आणि ती पानाची खूण तर मंजुरीशिवाय मुळीच छापू नका. त्यापेक्षा ‘दूध, दही, तूप, मध, अंडी न घालता केलेलं’ असं लिहा आणि खाली साहित्याची यादी द्या. वाचणाऱ्याला त्यातून जास्त कळतं. कोल्हापुरात जैन घरं पुष्कळ आहेत, तुमच्याकडं त्यांचेही डबे असतील. तिथं घोटाळा करू नका : जैन जेवण आणि व्हीगन जेवण एक नव्हे. जैन डब्यात दूध-तूप चालेल पण कांदा, लसूण, बटाटा चालणार नाही, आणि आंबवलेलं म्हणून व्हिनेगरलाही अनेकांची हरकत असते. व्हीगन डब्यात कांदा-लसूण मसाला खुशाल घाला.

आता सासूबाई.

त्यांची समजूत कशी घालू, असं तुम्ही विचारलंय. मी उलट विचारते, समजूत घालायची कशाला? व्हिनेगर होताना वाइनमधलं जवळजवळ सगळं अल्कोहोल संपतं, हे खरं आहे. युरोपच्या मानकात वाइन व्हिनेगरमध्ये जास्तीत जास्त दीड टक्का अल्कोहोल उरलेलं चालतं आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून कमीच असतं. सॅलडच्या एका वाटीत त्यातला एखादा थेंबही येत नाही. हे सगळं तुम्ही त्यांना सांगू शकता, सांगून बघायलाही हरकत नाही. पण त्यांनी वाटी सारली ती नशेच्या भीतीनं नाही. त्यांनी माळ घातलीय, आणि दारूपासून झालेलं काही आपल्या तोंडात जाऊ नये असा त्यांचा नेम आहे. वाइन व्हिनेगर वाइनपासूनच होतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही. नेमाला टक्केवारी दाखवून उपयोग होत नाही.

त्या योगवर्गातल्या मुलीचं आणि तुमच्या सासूबाईंचं म्हणणं शेजारी ठेवून बघा. दोघीही म्हणतात, ह्या गोष्टीच्या मागं जे आहे ते मला माझ्या ताटात नको. मुलीच्या आग्रहानं तुमची झोप उडाली आणि सासूबाईंचा आग्रह मात्र समजूत घालून मिटवायचा, हे बरोबर दिसत नाही. मुलगी पैसे देणारी आहे आणि शिकलेल्या भाषेत बोलते म्हणून तिचा नेम मोठा ठरत नाही. त्यांच्यासाठी वाटीभर कोशिंबीर लिंबू पिळून वेगळी काढा. ‘कळणार नाही त्यांना’ म्हणून गुपचूप वाढायचा विचारही नको. घरात एकदा असं झालं की पुढं प्रत्येक घासाला शंका येते.

बाटली टाकू नका. तुम्हाला आणि यजमानांना चव आवडते ना? मग घरात वापरा. नीट बूच लावून, उन्हापासून लांब ठेवली तर ती लवकर बिघडत नाही. फक्त घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर लेबलवर सल्फाइट लिहिलंय का तेवढं बघा. वाइन व्हिनेगरमध्ये ते बहुधा असतं आणि दम्याच्या काही माणसांना सोसत नाही. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात घालून ठेवू नका, आम्ल धातूला खातं. काच, चिनीमाती नाहीतर स्टील घ्या. उभा चिरलेला लाल कांदा, मीठ, किंचित साखर आणि हे व्हिनेगर एवढ्यावर अर्ध्या तासात कांदा गुलाबीजर्द होतो. त्याच्या सालीतलं रंगद्रव्य आम्लात खुलतं. अख्ख्या मसुराशेजारी तो कांदा फार छान लागतो. साखरेचा विषय निघालाच आहे तर, परदेशात काही ठिकाणी साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात, त्यामुळं तिकडचे व्हीगन साखरेचीही चौकशी करतात. आपल्या भागातले कारखाने बहुतांशी चुना आणि गंधकाच्या धुरानं रस स्वच्छ करतात, तेव्हा आपल्या साध्या साखरेची ती काळजी नको.

व्हीगन ऑर्डरसाठी वाइन व्हिनेगर लागतंच, असं मात्र मानू नका. ‘वेगळं काही’ द्यायच्या हौसेतून ते तुमच्या स्वयंपाकघरात आलं, असं पत्रावरून दिसतं. आंबटाची आपल्याकडं वानवा नाही. लिंबाच्या रसाचा आंबटपणा वाइन व्हिनेगरच्या जवळपास असतो, त्यामुळं एक चमच्याला एक चमचा असं सरळ बदलता येतं. सात-आठ आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून कुस्करली की त्याचा रंगही रेड वाइन व्हिनेगरसारखा येतो. चिंचेचा पातळ कोळ आणि गूळ घातलात तर मधाचीही जागा भरून निघते. द्राक्षात जे टार्टारिक आम्ल असतं तेच चिंचेत भरपूर असतं, म्हणून ती चव परकी वाटत नाही. इथं गूळ आपला आहेच.

व्हिनेगरच हवं असेल तर सगळ्यात निर्धोक म्हणजे साधं पांढरं, ज्यावर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असतं. चायनीजच्या गाड्यावर मिरच्या बुडवून ठेवतात ते बहुतेक हेच. ते ॲसेटिक आम्लात पाणी घालून केलेलं असतं, कुठल्या प्राण्याचा प्रश्नच येत नाही, पण चवीला नुसतं तिखट-आंबट आणि उथळ. मी सॅलडला ते सुचवणार नाही, कांद्या-मिरच्यांना ठीक. ‘मदर’सह मिळणारं न गाळलेलं ॲपल सायडर व्हिनेगर बरं, गाळलेलंच नाही तर त्याला स्वच्छ करणारं काही घातलेलं असण्याची शक्यताही कमी. गोव्यात माडाच्या ताडीचं व्हिनेगर करतात, ते मिळालं तर जरूर आणा, मात्र सासूबाईंना तेही चालणार नाही. कुणी उसाच्या रसाचं घरी करून बघा म्हणेल. करायला हरकत नाही, पण घरच्या व्हिनेगरचा आंबटपणा किती हे मोजता येत नाही, म्हणून ते टिकाऊ लोणच्यात वापरू नका. ताज्या खाण्याला वापरा.

डब्यात सॅलड देताना ड्रेसिंग नेहमी छोट्या डबीत वेगळं द्या. आम्ल लागल्यावर हिरव्या पानांचा रंग मळकट होतो आणि दुपारपर्यंत काकडी पाण्यात पोहायला लागते.

आणि खरं सांगू, मला विचाराल तर योगवर्गाच्या पुढच्या ऑर्डरला खमंग काकडी द्या. कोवळ्या काकड्या चोचवून घ्या, कूट जाडसर असू द्या, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, चिमूटभर साखर. फोडणी शेंगदाणा तेलाची : मोहरी, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता. ती गार करून वर घाला म्हणजे काकडीचा करकरीतपणा जात नाही. मीठ पुडीत वेगळं बांधून द्या, जेवायला बसताना त्यांनाच कालवू द्या. त्यातली एक वाटी सासूबाईंच्या ताटातही चालेल.